लाल गाडी दोन बोटे उतरवल्याची कैफियत

श्री

पवनाई विहार सोसायटी, मौजे पिंपळे सौदागर, येथील चेअरमन राजमान्य राजश्री मुकुंदराव साहेब यांणी सेवकास आज्ञा केली जे, गेटाचे आतले अंगास गतिरोधक आहे, त्याचे शेजारी गुडघाभर उंचीचा सिमेंटाचा ओटा आहे, आणि नवे भाडेकरू येताजाता पुसतात की हा ओटा कशाचा, येथे देव नाही, झाड नाही, पाण्याचा नळ नाही, मग ओटा काय म्हणोन बांधिला, तरी त्याची साद्यंत हकिकत लिहोन सादर करणे. आज्ञा प्रमाण मानोन सेवकाने कलम हाती धरिली. सेवक पहिले मजल्यावर, पार्किंगचे ऐन माथ्यावर राहातो, खिडकी बारमाही उघडी असते, कान शाबूत आहेत आणि पेन्शन बसल्यापासोन वेळ बहुत. जे पाहिले ते लिहितो, जे पाहिले नाही तेही लिहितो, कारण बखरीस दोन्ही लागते. साहेबांचे नाव हकिकतीत जागोजागी येईल. जेथे बरे येईल तेथे साहेबांचे कर्तृत्व, जेथे वाईट येईल तेथे सेवकाची नजर अधू, ऐसे समजोन घ्यावे.

तर त्या काळी, म्हणजे मागले साली, दुसरे इमारतीत राजश्री सुजितराव राहात होते, आणि अद्याप राहातात. भोसरीस स्प्रिंगा वळणारा कारखाना आहे, तेथे दुसरे शिफ्टेचा सगळा अंमल त्यांजकडे. त्यांचे कुटुंब सौभाग्यवती दिपालीबाईसाहेब, डिप्लोमा जाहलेल्या, चाकण प्रांती गाड्यांच्या सीटा बनविणारे कंपनीत लाइनीवर सुपरवायझर, हाताखाली माणूस बहुत, आणि बाईसाहेबांनी नुसते चष्म्यावरोन पाहिले तरी लाइन चालू पडे ऐसा दरारा. एकच उणे होते, ते उंचीचे. वरचे फळीवरील पोह्यांचा डबा काढणे जाहले तर स्टूल लागे. परंतु हिंमत मोठी, आणि मनात एक हौस लहानपणापासोन धरोन ठेविलेली, की आपली स्वतःची मोटारसायकल असावी, स्कूटर नव्हे, मोपेड नव्हे, पुढे वाकोन बसावयाची, शर्यतीत धावते तैसी.

मग ओव्हरटाइमांवर ओव्हरटाइम करोन बाईसाहेबांनी ती घेतली. लाल रंग, पुढे नाक खाली, मागे शेपूट वर, आणि मागली सीट म्हणजे पाटावर पाट रचोन त्यावर उशी ठेवावी इतकी उंच. घोडी सोसायटीत दाखल जाहली ते दिवशी लोक गॅलरीत येऊन उभे राहिले. गाडी धावती असता बाईसाहेबांसारखा स्वार नाशिक फाट्यापासोन चाकणपावेतो नाही, हे सेवक खात्रीने लिहितो. पंचाईत व्हावयाची ती गाडी थांबल्यावर. पाय भुईस पोहोचेनात. एका बाजूस कलोन बसावे तेव्हा एका पायाचा अंगठा टेके, दुसरा पाय हवेत लोंबे, आणि सिग्नल हिरवा होईतो बाईसाहेबांचा जीव त्या एका अंगठ्यावर.

आता घरातील मुख्य सत्तेचे वर्णन करितो. सुजितरावांच्या मातुश्री सावित्रीबाई, खेड तालुक्यातील कुरुळीच्या लेक, अंगाने भारदस्त, नऊवारी नेसणार, घरातील मुलकी, लष्करी आणि फौजदारी ऐसे तिन्ही अधिकार त्यांचे पदरी. त्यांस पुत्र दोन. धाकटे रविराज, हिंजवडीस संगणकाचे चाकरीत, उंची सहा फुटांस भिडलेली, लग्न व्हावयाचे, आणि लाल गाडीवर पहिले दिवसापासोन डोळा. मातुश्रींचे मागणे एकच होते. कुरुळीस बंधू सयाजीराव राहातात, थकले आहेत, त्यांस एकवार भेटोन यावे. परंतु बंद गाडीत मातुश्रींस मळमळे, बसची पायरी गुडघ्यास झेपेना, आणि पुत्रांपाशी विषय काढिला की थोरले म्हणत ओव्हरटाइम आहे, धाकटे म्हणत पुढल्या शनिवारी नक्की. ऐसे पुढले शनिवार किती आले आणि गेले त्याची मोजदाद कोणी ठेविली नाही, आणि मातुश्रीही पुसेनाशा जाहल्या.

ऐसियास गणपती उठोन, पितृपक्ष सरता सरता, एके सायंकाळी बाईसाहेब कामावरोन परत आल्या. गेटावर भिवा वॉचमन, नाक्याचे अंमलदार, चहा घेत होते. त्यांणी कप ठेविला, मग गेटाचा दांडा उचलावयास हात घातला, तितक्यात गाडी उतारावर थांबवणे प्राप्त जाहले, आणि अंगठा जेथे टेकावयाचा तेथे वाळू होती. गाडी आडवी जाहली. बाईसाहेब शिताफीने बाजूस उभ्या राहिल्या, परंतु समोर बाकावर बायकांची सभा भरली होती, सभेचे मध्यभागी मातुश्री होत्या, आणि सगळ्यांनी पाहिले. भिवाने गाडी उचलली. कोणी हसले नाही, हे तर हसण्याहून वाईट जाहले.

मातुश्री उठोन आल्या. सुनेचे कोपर उलटेपालटे करोन पाहिले आणि तेथेच, सभेचे साक्षीने, फर्मान सुटले ते ऐसे: “लागलं न्हाई न्हवं? मग आता नीट ऐक. खंडेनवमीपतुर ही गाडी तुझ्या पायाखाली सरळ उभी ऱ्हायली तर तुझी. आजून येकदा तुला घिऊन पडली, तर नवमीची पूजा रविराजच्या हातनं. ज्याची पूजा त्याची गाडी.”

आमचे प्रांती खंडेनवमीस कारखानदारापासोन रिक्षावाल्यापावेतो सारे आपापले यंत्रास हळदकुंकू वाहातात, हार घालितात, आणि ज्याचे हातून पूजा तोच त्या यंत्राचा धनी, हा रिवाज कोणी मोडीत नाही. रविराजांस मनातून उकळ्या फुटल्या, वरकरणी म्हणाले, “वहिनी, सेफ्टी फर्स्ट.” घरी जाऊन भाकरी थापताना बाईसाहेबांचे डोळे भरोन आले. गाडी गेली तर पुन्हा कंपनीचे बसमध्ये खिडकीशी बसोन डोके काचेवर आपटत चाकणास जाणे आले, आणि येवढी वर्षे धरलेली हौस दिराचे मांडीखाली पार्किंगमध्ये रोज डोळ्यांदेखत पाहाणे आले. ते दुःख बाईसाहेबांचे.

दुसरे दिवशी बाईसाहेब कंपनीचे बसने गेल्या आणि गाडी पार्किंगमध्ये राहिली. आता मसलत काय जाहली ती लिहितो. या जातीचे गाडीस मागले चाकावर एकच थोर शॉकअप असतो, त्यास वेढोन स्प्रिंग, आणि स्प्रिंगेचे माथ्यावर एक कडे. ते कडे सी-पान्याने, म्हणजे आकड्यासारखे वाकड्या तोंडाचे पान्याने, एकीकडे फिरविले तर स्प्रिंग आवळते आणि गाडी ताठ उभी राहाते. दुसरीकडे फिरविले तर सैल पडते, स्वार बसला की गाडी त्याचे वजनाने खाली येते, आणि पाय भुईस जवळ येतात. हे काम सुजितरावांनी शिरावर घेतले. दुसरी शिफ्ट असल्याने सकाळ मोकळी होती. कोणास न सांगता पार्किंगात उतरले, कडे सैल केले, समाधानाने आंघोळ केली आणि दुपारी कामावर कूच केले.

इकडे चेअरमन मुकुंदराव साहेब. हे पिंपरीस कंपनीत मोजमापाचे खात्यावर, शिफ्ट पहिली, दुपार टळता घरी येणार. साहेबांस दिपालीबाईसाहेबांची कणव आली, शिवाय आपले हातून हे काम होऊन नाव व्हावे हीही इच्छा, त्यात लबाडी नाही. साहेबांनी गाडीचे पुस्तक मिळविले, पार्किंगात मांडी घालोन बसले, मोजले, तो कडे पुस्तकात लिहिल्या जागेवर नाही. मोजमापाचे माणसास स्टँडर्डपासोन हललेली वस्तू दिसली म्हणजे अन्न गोड लागत नाही. साहेबांनी विचार केला की आधी सर्व स्टँडर्डवर आणावे, मग उद्या पद्धतशीर खाली उतरवावे. ऐसे म्हणोन कडे आवळले आणि घरी गेले.

सायंकाळी बाईसाहेब आल्या, गाडीवर बसोन पाहिले, तो अंगठाच टेकला. दुसरे सकाळी सुजितराव उतरले, तो कडे आवळलेले. आपणच नीट फिरविले नसेल म्हणोन पुन्हा सैल केले. दुपारी मुकुंदराव आले, तो कडे पुन्हा हललेले, पुन्हा आवळले. सुजितरावांस संशय आला की स्प्रिंग आपोआप आवळते, आणि उभे आयुष्य स्प्रिंगांत घालविलेला मनुष्य असल्याने त्यांस घाम फुटला. मुकुंदरावांस संशय आला की गाडीच खोटी, उभ्या उभ्या सैल पडते, आणि त्यांणी कंपनीस तक्रार लिहावयास घेतली. गणपतीत मांडवाचे तोंड कोणीकडे करावे यावरोन दोघांची बोलाचाली बंद होती, तेव्हा एकमेकांस पुसण्याचा प्रश्नच नव्हता. भिवा खुर्चीवर बसोन सकाळी एक पाहे, दुपारी दुसरे पाहे. परंतु दोघांनीही त्यास बजाविले होते की कोणास बोलू नको, आणि भिवा दिल्या शब्दास जागणारा.

नवरात्र बसले. मोहीम तसूभर पुढे सरकेना. मग गुरुवार आला. एमआयडीसीस गुरुवारची सुट्टी, तेव्हा पहिली शिफ्ट, दुसरी शिफ्ट आणि बाईसाहेबांची जनरल शिफ्ट तिघेही एकाच दिवशी घरी. सुजितराव चहा घेऊन खाली आले, पाना हातात. मुकुंदराव जिन्यावरोन उतरले, पाना हातात. गाडीचे एके बाजूस हे, दुसरे बाजूस ते, आणि दोघेही कडे पाहावयास वाकले. मग मुकुंदराव म्हणाले, “तुम्ही सैल करताय होय?” आणि सुजितराव म्हणाले, “काका, तुम्ही आवळताय?” भिवाने तोंड फिरविले, कारण त्यास हसू आवरेना.

ज्या कारखान्यात जाणाऱ्याने येणाऱ्यास चार शब्द सांगितल्याखेरीज यंत्रास बोट लावू देत नाहीत, तेथे केस पिकविलेले हे दोन सरदार, आणि स्वतःचे पार्किंगात एकाने सकाळी बांधावे, दुसऱ्याने तिसरे प्रहरी पाडावे, ऐसे करीत आले. शत्रू पाहू जाता कोणीच नव्हता. बाईसाहेब मागोन येऊन उभ्या होत्या, त्यांणी सर्व ऐकिले. म्हणाल्या, “माझ्या लाइनवर हे केलं असतं ना, तर दोघांनाही परत ट्रेनिंगला बसवलं असतं.” आवाज चढविला नाही. दोघेही सरदार माना खाली घालोन उभे राहिले.

मग सलूख जाहला. भिवाने चहा आणिला, मांडवाचा वाद पुढील गणपतीपावेतो तहकूब ठरला, आणि तिघे मिळोन कामास लागले. कडे सैल केले. शॉकअप आणि मागले चाक यांस जोडणारी पट्टी काढोन जरा लांब घातली. पुढले दोन दांडे हँडलाखाली पकडीत बसतात, त्या पकडी ढिल्या करोन दांडे दोन बोटे वर सरकविले, तेणेकरोन गाडीचे नाकही तितकेच खाली आले. मागे उतरवावे आणि पुढे तैसेच उंच ठेवावे तर गाडी वळणात ऐकत नाही, हे मुकुंदराव पुस्तकातोन वाचोन सांगत होते आणि ते खरे आहे. बाईसाहेब बसल्या. दोन्ही पायांचे चवडे टेकले. टाचा अजोन अधांतरीच होत्या, परंतु चवडे दोन्ही. मग मंडळी गाडी स्टँडावर लावोन मिसळ खावयास गेली.

येथे घात जाहला. गाडी दोन बोटे उतरली, परंतु साइड स्टँड होते तितकेच लांब राहिले, हे तिघांपैकी कोणाचेही ध्यानी आले नाही. साइड स्टँडावर गाडीने एके अंगास कलोन विसावावे, तरच ती स्थिर. ही झेंडावंदनास उभी राहावी तैसी ताठ उभी होती. भिवाने सहज आपली टोपी हँडलास अडकविली, आणि गाडी हळूच दुसरे अंगास कलती जाहली, ती थेट मुकुंदराव साहेबांचे स्कूटरीवर. त्याच समयी मातुश्री भाजीची पिशवी घेऊन गेटातोन आत आल्या.

रविराजांस खबर पोहोचावयास वेळ लागला नाही. ते चपला न घालिता खाली आले आणि दावा मांडिला की गाडी पडली, सबब मामला निकालात निघाला. सुजितराव म्हणाले, गाडीवर कोणी नव्हते. भिवा म्हणाला, “माझी टोपी व्हती, पन टोपीचा दोस न्हाई.” मातुश्रींनी सर्वांचे ऐकोन घेतले आणि निकाल दिला: “सून बसली न्हवती, तवा हे पडनं मी धरत न्हाई. पन तुमच्या कुनाच्या बी बोलन्यावर माझा इस्वास ऱ्हायला न्हाई. नवमीला मी सोता मागं बसते. गेटापतुर जाऊन यायचं. पडलो तर दोघी पडू.”

हे फर्मान ऐकोन बाईसाहेबांचे तोंडचे पाणी पळाले. मातुश्रींनी ऐसे का ठरविले याविषयी दोन मते आहेत. कोणी म्हणतात, सून घाबरोन आपणहून नाद सोडील हा हेतू. कोणी म्हणतात, त्यांस निदान एकवार कोणाचे तरी मागे बसोन कोठे तरी जावयाचे होते. सेवक दुसऱ्या मताचा आहे, परंतु ते पुढे कळेल.

साइड स्टँड पिंपरीचे वेल्डरकडोन बोटभर आखूड करोन आणिले आणि गाडी शहाण्यासारखी कलोन उभी राहू लागली. इतक्यात मुकुंदरावांचे ध्यानी दुसरी गोष्ट आली. गेटापाशी गतिरोधक होता. हा गतिरोधक साहेबांनीच, कमिटीत ठराव मांडोन, जातीने उभे राहोन बांधविला होता, आणि तो बांधताना कारागीर पुरे म्हणत असता अजोन दोन पाट्या माल ओतविला होता, हे सर्व सोसायटीस ठाऊक आहे. त्यावरोन जाताना गॅसवाल्याचे टेम्पोतील टाक्या घंटेसारख्या वाजतात. साहेबांनी मोजिले. गाडी उतरविली, बाईसाहेब एकट्या बसल्या, तर गाडीचे पोट गतिरोधकावरोन जेमतेम सुटते. परंतु मागे मातुश्री बसल्या, गाडी आणिक खाली गेली, तर पोट टेकणार, गाडी अडणार, आणि अडलेली गाडी उभी धरणे दोन्ही पाय टेकलेल्या स्वारासही कठीण.

साहेब नवमीचे आदले दिवशी बाईसाहेबांकडे गेले, आवाज खाली घेऊन सर्व सांगितले. म्हणाले, स्प्रिंग आवळून देतो, मग पोट सुटेल. बाईसाहेबांनी पुसले, मग पाय? साहेब म्हणाले, पाय पुन्हा सुटतील. एकीकडे पाय, एकीकडे पोट, मधोमध साहेबांचा स्वतःचा गतिरोधक. बाईसाहेब म्हणाल्या, “काका, पाय राहू द्या. पोटाचं बघू.” साहेब घरी परत गेले आणि त्यांस जेवण गेले नाही, हे त्यांचे कुटुंबाने सांगितले.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. पार्किंगात झेंडूचे हार, सायकलीपासोन टँकरापावेतो सर्वांस धुऊन पुसोन रांगेत उभे केलेले. रविराज स्वच्छ सदरा घालोन हळदकुंकवाचे ताट घेऊन तयार, कारण कोणती वेळ कशी येईल सांगवत नाही. मातुश्री उतरल्या. नऊवारीचा कासोटा घट्ट मारिलेला, पदर कमरेस खोचलेला, आणि त्यावर रविराजांचेच हेल्मेट, ते डोक्यात बसताना अंबाड्याचे आकड्यांनी बराच विरोध केला. पाण्याचे टाकीचे कठड्यावर चढोन, सुजितरावांचे खांद्यावर हात ठेवोन, एक पाय पलीकडे टाकोन मातुश्री त्या उशीवर आरूढ जाहल्या.

आणि गाडी बसली. मागला शॉकअप मातुश्रींचे वजनाने निमूट खाली गेला, आणि बाईसाहेबांचे चवडे टेकले होते ते टेकलेच, त्यामागोन टाचाही आल्या. दोन्ही पाय, सगळेचे सगळे, घरात उभे राहावे तैसे भुईवर. बाईसाहेबांनी खाली पाहिले, मग पुन्हा पाहिले. स्प्रिंगवाले आणि मोजमापवाले दोघे एकमेकांचे तोंडाकडे पाहू लागले. इतके दिवस पान्याने जे साधेना ते मातुश्रींनी नुसते बसोन साधिले. या वजनाचा विचार दोघांपैकी एकाचेही हिशेबी आला नव्हता, कारण मातुश्रींस कोणी मागे बसवोन कधी नेलेच नव्हते.

गाडी सुरू जाहली. गतिरोधकापुढे येऊन बाईसाहेबांनी थांबविली. सर्व सोसायटी पाहात होती, बाकावरची सभाही उठोन उभी होती. बाईसाहेब मान वळवोन म्हणाल्या, “आई, दोघी गेलो तर गाडी घासेल. तुम्हाला इथं उतरावं लागेल.” सासूस भरल्या लोकांत खाली उतर म्हणणे, तेही नवमीचे दिवशी, तेही परीक्षा सासूचीच असता. मुकुंदरावांनी डोळे मिटोन घेतले. रविराजांनी ताट सावरले.

मातुश्री म्हणाल्या, “उतरते की. त्यात काय येवढं. बैलगाडी चढाला लागली की आमी समदी उतरूनच चालायचो.” आणि उतरल्या. बाईसाहेबांनी गाडी एकटीने गतिरोधकावरोन नेली, पोटास ओरखडाही उठला नाही. मातुश्री हेल्मेट घातलेल्या, डाव्या हातात पदर धरोन, गतिरोधक चालत ओलांडोन पलीकडे गेल्या. भिवाने आपली खुर्ची पुढे केली. त्या खुर्चीवर चढोन त्या पुन्हा आरूढ जाहल्या, आणि दांडा आधीच वर होता, कारण ते दिवशी भिवाने चहा घेतला नव्हता.

गेटापावेतो जावयाचे ते जाऊन जाहले, परीक्षा पार पडली, आता परत फिरावे म्हणोन बाईसाहेबांनी हँडल वळविले. मातुश्रींनी पाठीवर थाप मारिली. “फिरवतीस कशाला? तुला तुझ्या कंपनीत पूजेला जायाचंच हाय न्हवं? वाटेत कुरुळी लागती.” बाईसाहेबांनी हँडल सरळ केले. मागे पार्किंगात सुजितराव, रविराज, मुकुंदराव, नारळ, झेंडू आणि ताट ऐसे सर्व उभेच राहिले.

मग मजल दरमजल करीत नाशिक फाटा मागे टाकिला, भोसरी मागे टाकिली, मोशीचे सिग्नलास गाडी थांबली, आणि शेजारील ट्रकवाला वाकोन पाहू लागला की लाल गाडीवर पुढे जीन्समधली बाई, मागे नऊवारीतली बाई, आणि पुढलीचे दोन्ही पाय भुईवर असे रोवलेले की जणू सिग्नल तिचाच. मातुश्रींस वारा लागत होता, मळमळ नाही, काही नाही. वाटेत कारखाने लागले, जेथे पूर्वी शेते होती तेथे गोदामे लागली, आणि मातुश्री मागोन सांगत गेल्या की येथे आमची विहीर व्हती, येथे सयाजी झाडावरनं पडला व्हता. बाईसाहेबांस हेल्मेटातोन निम्मे ऐकू आले, तरी त्या सर्वांस हो म्हणाल्या.

कुरुळीस सयाजीराव अंगणात खाटेवर बसले होते. त्यांणी हेल्मेटवाल्या थोर शिपायास ओळखिले नाही, म्हणाले, “कोन पायजे?” मातुश्रींनी हेल्मेट काढिले. मग पुढे काय जाहले ते बहीणभावांचे, बखरीचे नाही.

परंतु एक गोष्ट बखरीची आहे. बाईसाहेबांस कंपनीत पूजेस पोहोचावयाचे होते, तेव्हा त्या एकट्याच पुढे निघाल्या. मागचे वजन उतरल्याने गाडी पुन्हा वर आली होती, टाचा सुटल्या होत्या, आणि अंगण उताराचे. बाईसाहेब चवड्यांवर डुगडुगत चावी फिरवीत होत्या. मातुश्री भावाशी बोलत होत्या, त्यांणी ते पाहिले, बोलणे तेथेच टाकिले, येऊन दोन्ही हातांनी मागली सीट दाबोन धरिली, आणि अंगाचा भार तिजवर घातला. टाचा टेकल्या. गाडी चालू पडेतो त्यांणी हात काढिला नाही. म्हणाल्या, “जा आता. सांच्याला न्यायला ये. आन् सावकाश जा.”

सायंकाळी गाडी परत आली. सोसायटीत दिवे लागले होते, रविराजांचे ताट सकाळपासोन तयारच होते, ते मातुश्रींनी त्यांचे हातातोन घेऊन सुनेचे हातात दिले. रविराज तोंडातल्या तोंडात म्हणाले की वहिनी एकटी असली तर गाडी उंचच राहाणार. मातुश्री म्हणाल्या, “मग मी हाय की.” लाल गाडीची पूजा बाईसाहेबांचे हातून जाहली. सुजितराव आणि मुकुंदराव सी-पाना घेऊन पुढे आले, की आता दोघींचे वजन ध्यानी घेऊन स्प्रिंग जराशी आवळावी. मातुश्रींनी पाना जप्त केला, त्यास कुंकवाचे बोट लाविले आणि वर नेऊन देव्हाऱ्यात खंडोबाचे टाकाशेजारी ठेविला. तो अद्याप तेथेच आहे. मुकुंदराव साहेबांनी पुढील मीटिंगेत गतिरोधक उतरविण्याचा ठराव न मांडिता, गतिरोधकाशेजारी मातुश्रींस चढावयाउतरावयास ओटा बांधण्याचा ठराव मांडिला, तो एकमताने पास जाहला. भिवास आपली खुर्ची परत मिळाली.

येणेप्रमाणे लाल गाडी पुढोन आणि मागोन दोन दोन बोटे उतरली, साइड स्टँड बोटभर आखूड जाहले, गतिरोधक जागचे जागी राहिला, आणि गाडी दिपालीबाईसाहेबांचे पदरी कायम जाहली, हे सोसायटीस जाहीर असावे. ओट्याची हकिकत ती हीच. मातुश्री आता आठवड्यातोन दोनदा कुरुळीस जातात. ज्या दिवशी जावयाचे नसते त्या दिवशीही त्या सकाळी चपला घालोन पार्किंगात उतरतात.

इतके लिहितो आहे तो खाली गाडी सुरू जाहली. खिडकीतोन पाहातो, तो मातुश्री दोन्ही हातांनी मागली सीट दाबोन उभ्या आहेत, आणि बाईसाहेबांच्या टाचा टेकल्या आहेत.